वाढणाऱ्याचाही मान राखा

सोलापूरहून अक्कलकोटला जाताना वाटेत वळसंग लागते. गुरुवारी आणि पौर्णिमेला या रस्त्यावर स्वामीभक्तांची रीघ असते. कलबुर्गीला ख्वाजा बंदेनवाज यांच्या दर्ग्याकडे निघालेले काही यात्रेकरूही याच वाटेने जातात. या सर्वांपुढे चहा, ज्वारीची भाकरी आणि शेंगाची आमटी ठेवणारे आम्ही वेटर. हॉटेलात कसे वागावे यावर मालक बोलतात, गिऱ्हाईकही बोलतात. आज आमचीही बाजू ऐकावी.

आमच्या मते हॉटेलातील सभ्यता हाक मारण्यापासून सुरू होते. कोणी चुटकी वाजवून "ए पोऱ्या" म्हणतो, कोणी "भाऊ, पाणी देता का?" असे विचारतो. आमच्या भागात कन्नड बोलणारे "तम्मा" म्हणजे धाकटा भाऊ म्हणतात, तेही गोड वाटते. ह. अनस (र.) यांनी दहा वर्षे प्रेषित मुहम्मद (स.) यांची सेवा केली. त्या काळात त्यांना एकदाही त्रासिक शब्द ऐकावा लागला नाही, असे हदीसमध्ये आले आहे. अर्ध्या तासाच्या जेवणात आपल्याला एवढे जमू नये काय?

गर्दीच्या वेळी चार गोष्टी पाळल्या तरी पुरे. काय हवे ते ठरवून एकदाच सांगावे, प्रत्येकाने वेगवेगळे भटारखान्यात पळवू नये. ताटात हात धुऊ नयेत. लोक उभे असताना गप्पांसाठी टेबल अडवू नये. भाजी खारट झाली तर जरूर सांगावे, परंतु ती आम्ही रांधलेली नसते. तक्रार गल्ल्यावर करावी, शिवी आम्हांला देऊ नये.

आता टिपेविषयी. बिलात परस्पर सेवा शुल्क लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये बजावले आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरले. टीप ही गिऱ्हाइकाची मर्जी, हे आम्हांला मान्यच आहे. पण हल्ली क्यूआर कोडवर बिल भरताना वर दिलेले दहा रुपये मालकाच्या खात्यात जातात. द्यायचेच असतील तर हातात द्यावेत. मालकांनीही टिपेच्या भरवशावर पगार कमी ठेवू नये. कोणी बिल बुडवून पळाला तर ते आमच्या पगारातून कापू नये. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण मुसलमान व्यापारी दुसऱ्यांना सांगतो. ती आधी आपल्या गल्ल्यावर दिसली पाहिजे.

वळसंगला पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1937 साली येथील विहिरीचे पाणी प्याले, ही आठवण गाव जपून आहे. पुढे राज्यघटनेच्या 15 व्या कलमाने विहिरी आणि उपाहारगृहे, दोन्ही ठिकाणचा भेदभाव बंद केला. टेबलाशी बसण्याचा हक्क सर्वांना मिळाला. टेबलाशी उभ्या असलेल्याचा मान मात्र अजून गिऱ्हाइकाच्या जिभेवर अवलंबून आहे. पाण्याचा पेला पुढे आला की "शुक्रिया" किंवा "आभारी आहे" एवढे म्हणा. त्याला खर्च काही येत नाही.