यंत्रावरील टचस्क्रीन आणि व्यापाऱ्याचा धर्म

नामपल्लीच्या मैदानावर भरणारी नुमाइश १९३८ सालापासून आपल्या नगरीचे भूषण होऊन राहिली आहे. तेथे झगमगाटास भुलून वस्तू घेणारे ग्राहक असतात, तसेच ती उलटीपालटी करून, चार प्रश्न विचारून घेणारेही असतात. आपण व्यापारी स्वतःस दुसऱ्या वर्गात गणतो. परंतु आपल्यापैकी ज्यांचे कारखाने आहेत, ते यंत्राच्या पॅनेलवर बसवावयाचा टचस्क्रीन मॉनिटर घ्यावयास निघाले म्हणजे पडद्याचा आकार आणि किंमत यांखेरीज तिसरा प्रश्न बहुधा विचारीत नाहीत. हे योग्य नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिला प्रश्न हा की, या पडद्यावर कोणाचे बोट पडणार आणि ते कोणत्या अवस्थेत असणार? टचस्क्रीनच्या मुख्य जाती दोन. पहिली रेझिस्टिव्ह, म्हणजे दाबाने चालणारी. हिच्यात विद्युत्वाहक असे दोन थर किंचित अंतराने बसविलेले असतात व दाब पडताच ते एकमेकांस टेकतात. बोट तेलकट असो, हातमोज्यात असो, तिला त्याचे काही नाही. मात्र वरचा थर बहुधा प्लॅस्टिकचा असल्याने त्यावर ओरखडे पडतात आणि चित्रही थोडे मंद दिसते. त्यातही चार तारांच्या रचनेपेक्षा पाच तारांची रचना अधिक टिकते. दुसरी जात कॅपॅसिटिव्ह, म्हणजे आपल्या मोबाइलमधील. हिची काच कणखर आणि चित्र स्वच्छ. परंतु साधी कॅपॅसिटिव्ह काच जाड हातमोजा ओळखीत नाही, आणि तिच्यावर कूलंटचे शिंतोडे उडाले तर कोणी न दिलेली आज्ञा ती मानून बसण्याचा संभव असतो. हातमोजा व पाणी यांसाठी खास जुळविलेल्या काचाही आता मिळतात. पण त्या मागून व पारखून घ्यावयास हव्यात.

मोबाइलची सवय सर्वांस झालेली असल्याने कॅपॅसिटिव्हच घ्यावी, असे कित्येक बंधू म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही. लेथवर किंवा ड्रिलिंग यंत्रावर तिला हातमोज्याची अडचण येत नाही, कारण फिरत्या भागात अडकून हात ओढला जाण्याचे भय असल्याने तेथे हातमोजा घालूच नये. परंतु पत्रा वाकविणाऱ्या प्रेसवरील कामगारास हातमोजा अवश्य हवा. पडदा जर हातमोजा ओळखीत नसेल, तर तो गृहस्थ दिवसातून चाळीस वेळा तो काढील, आणि एकेचाळिसाव्या वेळी पुन्हा घालणार नाही. मग पत्र्याच्या धारेने बोट कापले, तर त्याचा निष्काळजीपणा म्हणून आपण मोकळे होणार काय? दळलेल्या पिठात जीव पडू नये म्हणून जयणा पाळणाऱ्या घरांनी कामगाराच्या हाताची जयणा पाळू नये, हे आम्हांस विसंगत वाटते.

दुसरा प्रश्न जागेचा. ‘आय. पी. ६५’ या अंकांतील सहा म्हणजे धुळीस पूर्ण मज्जाव, आणि पाच म्हणजे पाण्याच्या झोतापासून रक्षण. परंतु पॅनेलवर बसणाऱ्या मॉनिटरच्या बाबतीत हे अभय पुष्कळदा केवळ दर्शनी बाजूस असते, आणि तेही रबरी गास्केट नीट बसले तरच. आपल्याकडील उन्हाळ्यात बाहेरचे तापमान चाळीस अंशांपलीकडे जाते; बंद पॅनेलच्या आत ते त्याहून अधिक असते. म्हणून मॉनिटर किती अंशांपर्यंत चालेल, हे कागदावर पाहून घ्यावे. पॅनेलमध्ये चोवीस व्होल्टचा डी. सी. पुरवठा आधीच असेल, तर त्यावर चालणारा मॉनिटर घेणे सोयीचे. मोटारीच्या ड्राइव्हच्या शेजारून सिग्नलची केबल नेऊ नये आणि अर्थिंगमध्ये कसूर करू नये. दहा इंचांत काम भागत असता एकवीस इंचांचा हव्यास धरणे हेही अपरिग्रहास शोभत नाही.

आणि एका गोष्टीत तडजोड नाही. यंत्र तत्काळ थांबविण्याचे तांबडे बटण काचेवर कदापि असू नये. पडदा गोठतो, प्रोग्राम अडकतो. अशा वेळी स्वतंत्र तारांनी जोडलेले, हाताने ठोकता येणारे खरेखुरे बटणच प्राण वाचविते.

शेवटचा शब्द विक्रेत्या बंधूंसाठी. कोठी, राणीगंज येथील आपल्या दुकानांत घरगुती मॉनिटर आणि कारखान्याचा मॉनिटर दिसावयास सारखेच दिसतील. पहिला दुसऱ्याच्या नावाने विकला, तर ग्राहकास ते महिनोन्‌महिने कळणारही नाही. अचौर्यव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ हा एक सांगितला आहे: अस्सलाच्या नावाखाली तत्सदृश माल देणे. आपल्या पूर्वजांनी तुपाच्या आणि सोन्याच्या व्यवहारात जो नियम पाळला, तो या काचेच्या व्यवहारात सैल होण्याचे कारण नाही.

म्हणून आमची सूचना अशी. मॉनिटर घ्यावयास जाताना यंत्रावर बसणाऱ्या कामगारास बरोबर न्यावे, त्याचा वापरातला हातमोजा न्यावा आणि थोडे कूलंटही न्यावे. दुकानदाराने पडदा चालू करून द्यावा व कामगाराने तो चालवून पाहावा. या कसोटीस उतरेल तोच माल आपला. वीस मिनिटे अधिक जातील; पण एखाद्याचा हात शाबूत राहील.