घसरलेलं इंजिन लगेच उचलू नका

ऑक्टोबर आला की लेआउटवरची प्लास्टिकं निघतात, चार महिने बंद असलेली इंजिनं रुळावर येतात आणि या मासिकाकडे एकाच तऱ्हेची पत्रं येऊ लागतात. जूनपर्यंत बिनतक्रार धावणारं वाफेचं इंजिन आता ठरावीक वळणावर घसरतं. त्याच रुळावरून डिझेल मात्र सुखरूप जातं, हेही पत्रात असतंच.

ठाणे खाडीच्या बाजूच्या गावांत, आमच्या तळवलीत तर नक्कीच, पावसाळाभर दमट हवेने प्लायवूड फुगतं आणि ऊन पडू लागलं की आकसतं. निकेल सिल्व्हरचा रूळ त्या मानाने फार कमी हलतो. हलतं ते खालचं लाकूड, आणि वरच्या रुळाला पीळ पडतो. एच-ओ मापात अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या रेल्वेतले जवळजवळ ४४ मिलिमीटर. आपल्या चाकांच्या फ्लँजची खोली आरपी-२५ प्रमाणे ०.६ मिलिमीटरच्या थोडी वर असते. म्हणजे डोळ्यांना न दिसणारा पीळही फ्लँजचा बहुतेक आधार काढून घेऊ शकतो. डिझेलच्या दोन आखूड बोगी आपापल्या परीने झुकून त्यातून निघतात. वाफेच्या इंजिनाची मोठी चाकं एका ताठ चौकटीत बांधलेली असतात आणि पुढच्या पोनी ट्रकवर तर जेमतेम स्वतःचंच वजन असतं. चाकाला बाजूला ढकलणारा जोर त्यावरच्या भाराच्या मानाने वाढला की फ्लँज रुळावर चढते. खऱ्या रेल्वेतही हेच गणित आहे. ते मांडणाऱ्या नादाल या फ्रेंच अभियंत्याचं सूत्र आजही वापरात आहे.

आपण मात्र घसरलेलं इंजिन पाहिलं की पहिल्यांदा ते उचलतो. या अंकात आमचं सांगणं एवढंच आहे की ते उचलू नका. इंजिन जिथे थांबलं तिथे दोष असेलच असं नाही. भारतीय रेल्वेत गाडी घसरली की चाक रुळावर चढलं ती जागा आणि रुळाखाली पडलं ती जागा अशा दोन वेगळ्या खुणा शोधतात. रुळाच्या माथ्यावर फ्लँजची लांब रेघ दिसली तर चाक हळूहळू चढलं. रेघ नसेल तर ते एकदम उडालं, आणि दोन्हींची कारणं निराळी. मग निरनिराळ्या विभागांचे पर्यवेक्षक रूळ आणि गाडी दोन्हींची मापं एकत्र घेतात आणि संयुक्त टिपणावर सह्या करतात. रेल्वेच्या स्थापत्य अभियंत्यांना पुण्याच्या इरिसेनमध्ये हे शास्त्र शिकवलं जातं. ते आपल्या टेबलावर आणायला फोनचा स्लो-मोशन कॅमेरा, व्हर्निअर आणि लहान पाणसळ पुरते. चढण्याची जागा बहुधा पडण्याच्या जागेच्या बरीच मागे सापडते, एखाद्या जोडावर किंवा सांध्याच्या तोंडाशी.

एकच इंजिन अनेक ठिकाणी घसरत असेल तर दोष इंजिनात आहे. अनेक गाड्या एकाच ठिकाणी घसरत असतील तर दोष रुळात आहे. पण एकच इंजिन एकाच ठिकाणी घसरतं तेव्हा रूळवाला आणि इंजिनवाला एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि दोघंही अर्धे बरोबर असतात.

१७ जुलै १९३७ रोजी बिहार प्रांतात बिहटा इथे एक्सबी वर्गाच्या पॅसिफिक इंजिनाची गाडी घसरली. शंभराहून अधिक माणसं गेली. पुढे नेमलेल्या पॅसिफिक लोकोमोटिव्ह समितीत विल्यम स्टॅनियर यांच्यासारखे इंजिनकर्ते होते. इंजिनाच्या पुढच्या बोगीला बाजूच्या हालचालीत आवरणारी योजना अपुरी होती, आणि तो हेलकावा सोसण्याइतका रूळ भक्कम नव्हता. ज्यांच्या पोनी ट्रकची स्प्रिंग सैल आहे त्यांनी हे प्रकरण जरूर अभ्यासावं.

माथेरानचा धडा वेगळा आहे. १९०७ साली सुरू झालेल्या त्या दोन फुटी मार्गावर वळणं इतकी तीव्र की ताठ चौकटीचं इंजिन चालणंच कठीण. म्हणून ओरेनस्टाइन अँड कोपेलच्या इंजिनांना क्लिएन-लिंडनर आस दिले. त्यामुळे टोकाची चाकं वळणाप्रमाणे बाजूला सरकत आणि फिरत. ज्या वळणावर गाडी चालवायची ते आधी पाहिलं आणि मग इंजिन ठरवलं. आपल्याकडे उलटं होतं. हॉर्नबीच्या ३७१ मिलिमीटर त्रिज्येच्या पहिल्या वळणावर आपण डब्ल्यूजीसारखं आठ जोडचाकांचं इंजिन घालतो आणि ते घसरलं की कंपनीला दोष देतो.

इंजिनाच्या बाजूने पहिलं माप चाकांच्या आतल्या अंतराचं. १६.५ मिलिमीटर गेजवर ते साधारण १४.४ असावं. कमी असेल तर चाकाची पाठ चेकरेलवर चढते. जास्त असेल तर चेकरेल चाकाला वेळेवर खेचत नाही आणि समोरची फ्लँज फ्रॉगच्या टोकावर आदळते. सांध्यावरच घसरणारी बरीच इंजिनं एवढ्या एका मापाने सुधारतात. त्यानंतर टेंडरकडे जाणाऱ्या तारा पाहा. ताठ तार वळणावर इंजिनाला तिरकं रेटते, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. शेवटी वीज बंद करून इंजिन बोटाने हळू ढकला. जोडदांडा अडखळत असेल तर हाताला कळतं.

ही मापं घेण्याआधी पोनी ट्रकवर शिसं चिकटवणं, फ्लँज कानशीने घासणं किंवा पोनी ट्रकच काढून ठेवणं आम्हाला अजिबात मान्य नाही. शिशाने कधी कधी घसरणं थांबतं, पण पीळ तसाच राहतो आणि पुढच्या पावसाळ्यानंतर दुसरं इंजिन तिथेच पडतं. पुण्यात कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात १९९८ पासून लोकांसमोर गाड्या धावत आहेत. तिथे जाल तेव्हा देखाव्याइतकंच सांध्यांकडेही पाहा.

लेआउटशेजारी एक वही ठेवा. तारीख, इंजिन, दिशा, चढण्याची जागा, पडण्याची जागा, त्या जागेचा पीळ आणि चाकांचं माप एवढं लिहा. दिवाळीपर्यंतच्या नोंदी आमच्याकडे पाठवा, दोष सापडला नसेल तरीही. डिसेंबरच्या अंकात त्या छापू.