माणिकबागेचे दार

आमच्या तुकोगंजातील घरी रविवारी सकाळी दहाबारा मुलेमुली गाणे शिकावयास येतात. परवा तानपुऱ्यांवर गवसणी चढवता चढवता एका मुलीने विचारले, "सर, माणिकबाग आतून कशी आहे हो?" मी जन्माचा इंदूरकर, पण मला उत्तर देता आले नाही.

वडिलांना देता आले असते. होळकर दरबाराच्या अखेरच्या वर्षांत, अगदी कोवळ्या वयात, ते साथीला बसत. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दरबार मी पाहिला तो त्यांच्या बोलण्यातूनच. नव्या दालनात शिरले की ते आधी हलकेच षड्ज लावून पाहत. भिंती काय म्हणतात ते ऐकावे, मगच बैठक मारावी, असे ते सांगत. माणिकबागेत ते एकदाच गेले होते. "तिथे चूक झाकत नाही," एवढेच म्हणत.

यशवंतराव होळकरांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून १९३० ते १९३३ च्या सुमारास हा वाडा बांधवून घेतला. घुमट नाही, नक्षी नाही. सरळ, स्वच्छ रेषा. राजवाड्याची दगडी आणि लाकडी सात मजली भव्यता, लालबागेचा युरोपीय थाट आणि ही माणिकबाग, असा तीन काळांचा नमुना एकाच शहरात सापडणे दुर्मिळच. १९८० मध्ये माणिकबागेतील पुष्कळसे सामान मोनॅकोत लिलावाने विकले गेले. २०१९ साली पॅरिसच्या संग्रहालयात यशवंतरावांच्या या हौसेवर मोठे प्रदर्शन भरले. पॅरिसकरांनी खुर्च्या पाहिल्या. खुद्द वास्तू इंदुरात आहे, आणि इंदूरकर तिच्या फाटकावरून पुढे जातो. तेथे आता केंद्र सरकारच्या करखात्याची कचेरी आहे.

कचेरी आहे याचा मला राग नाही. वापरातली वास्तू टिकते. ओसाड वास्तूला वाळवी आणि वारस दोघेही खातात. माझे मागणे लहान आहे. महिन्यातून एका सुटीच्या दिवशी वीसपंचवीस माणसांना, फायलींच्या खोल्या वगळून, दोन तास आत फिरू द्यावे. सुरक्षिततेची अडचण सांगितली जाईल. पण दिल्लीचे राष्ट्रपती भवन लोकांना पाहता येते, आणि मुंबई महापालिकेने २०२१ मध्ये आपल्या मुख्यालयाची सफर सुरू केली. तिथे काही आकाश कोसळले नाही.

मात्र सगळा दोष सरकारच्या माथी मारणे सोपे आहे. आपण जुनी मराठी घराणी दिवाणखान्यात होळकरशाहीच्या गोष्टी रंगवून सांगतो. परंतु १९०४ सालचा गांधी हॉल, ज्याला आपले आजोबा किंग एडवर्ड हॉल म्हणत, तो नातवंडांना हात धरून आपल्यापैकी किती जणांनी दाखवला? तिथे तर दारही उघडे असते. जी वास्तू कोणी पाहिलेली नाही, ती उद्या पाडावयाची ठरली तर तिच्यासाठी बोलणार कोण?

येत्या रविवारी शिकवणी घरी नाही. मुलांना घेऊन मी गांधी हॉलपासून सुरुवात करणार आहे. माणिकबागेसाठी अर्जही करीन. होकार आला तर तानपुरा नेणार नाही. त्या मुलीला एवढेच सांगेन, हलकेच षड्ज लाव, आणि ऐक.