चालू लागला की दिसतो

दिवाळी सरली की खोपोलीजवळच्या शिळफाट्यावरून जाणाऱ्या टेम्पो-ट्रकांकडे जरा लक्ष देऊन बघावं. काहींच्या हौद्यात माल नसतो, घरं असतात. पातेली, गोधड्या, प्लास्टिकचा कागद, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या आणि या सगळ्यावर बसलेली पोरं. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरची कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर निघालेली असतात. कुणी भिवंडी-कल्याणच्या अंगाला जातं, कुणी घाटावर, कुणी कोळसा पाडायला पार कर्नाटकात. पावसाच्या तोंडी ती परत येतात. मी वर्तमानपत्रं बारकाईनं वाचतो आणि त्यातले फोटो त्याहून बारकाईनं बघतो. या निघण्याचा फोटो पहिल्या पानावर आलेला मला आठवत नाही.

मजुराचा फोटो येतच नाही असं मात्र म्हणता येणार नाही. येतो, आणि काही वेळा साऱ्या देशाला हलवून सोडतो. ६ मार्च २०१८ला नाशिकहून किसान सभेचा लाँग मार्च निघाला. सुमारे १८० किलोमीटर चालून हजारो शेतकरी मुंबईच्या वेशीवर आले. त्यातले बरेचसे आदिवासी होते आणि कसत असलेली वनजमीन नावावर करा, ही त्यांची मोठी मागणी होती. दहावीची परीक्षा सुरू होती. पोरांना त्रास नको म्हणून ११ तारखेच्या रात्री ते सोमय्या मैदानातून उठले आणि पहाटेपूर्वीच आझाद मैदानात पोचले. पण लोकांच्या लक्षात राहिली ती पावलं. सोललेली, फोड आलेली, भेगांतून रक्त वाहणारी. त्या फोटोंमुळे शहरातली माणसं पाण्याच्या बाटल्या आणि चपला घेऊन रस्त्यावर आली आणि सरकारला लेखी आश्वासन द्यावं लागलं. छायाचित्राच्या ताकदीविषयी ज्याला शंका असेल त्यानं तो आठवडा आठवावा.

तरीही एक गोष्ट मला छळते. त्या पावलांचे फोटो आपण पाहिले, पण ती पावलं ज्या जमिनीवर वर्षभर उभी असतात ती जमीन आपण पाहिली नाही. वनहक्क कायदा २००६चा. मार्च निघाला २०१८ साली. मधल्या बारा वर्षांत तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर दाव्यांच्या फायली घेऊन बसलेल्या त्याच माणसांचे फोटो काढायला किती जण गेले?

दोन वर्षांनी पुन्हा तेच झालं. २५ मार्च २०२०पासून देश बंद झाला आणि माणसं चालू लागली. मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवर पायी चालायला एरवी मनाई आहे, आणि आमचा हा जुना हायवेही पादचाऱ्याचा विचार करून बांधलेला नाही. त्या दिवसांत बोरघाटातून डोक्यावर बोचकं आणि कडेवर मूल घेतलेली माणसं गेली. मे महिन्यात जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे कामगार भुसावळला गाडी मिळेल या आशेनं रुळांच्या कडेनं निघाले. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली त्यांतले सोळा जण गेले. रुळांवर पसरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचा फोटो ज्यानं पाहिला तो विसरू शकणार नाही. सप्टेंबरात लोकसभेत विचारणा झाली, घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले? केंद्राच्या श्रम मंत्रालयानं उत्तर दिलं, अशी आकडेवारी ठेवलेली नाही. म्हणजे त्या काळाची जी काही नोंद उरली आहे, तिचा मोठा भाग छायाचित्रकारांनी करून ठेवलेला आहे. हे त्यांचं ऋण आपल्यावर आहे, आणि त्या उन्हात, त्या साथीत रस्त्यावर उभं राहून त्यांनी ते काम केलं, याबद्दल मला मनापासून आदर आहे.

माझी तक्रार त्यांच्याशी नाही, फोटो निवडणाऱ्या टेबलाशी आहे. जालन्याच्या त्या कारखान्यातल्या भट्टीसमोर हेच कामगार देश बंद होण्याच्या आठवडाभर आधी, महिनाभर आधी, वर्षभर आधी उभे होते. तेव्हा ते कुणाला दिसले नाहीत. आपल्या पत्रकारितेला मजूर दिसतो तो चालू लागल्यावर किंवा मेल्यावर. काम करताना तो दिसत नाही. आणि खरी गोष्ट तर कामातच दडलेली असते. मजुरी कोण ठरवतं, हिशोब कोण लिहितं, हातात किती पडतं.

आमच्या खालापूर तालुक्यात याचा फार जुना दाखला आहे. १८५६ साली मुंबईहून रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि पुढे घाट आडवा उभा राहिला. त्याच वर्षी घाटाचं काम सुरू झालं. देशावरून, कोकणातून आणि आणखी लांबून मजूर आले. कामाच्या ऐन भरात त्यांची संख्या चाळीस हजारांच्या वर गेली होती. पटकीनं झोपड्याच्या झोपड्या रिकाम्या केल्या. २० जानेवारी १८५९ला थकलेल्या मजुरीवरून या मजुरांचा संयम सुटला आणि ते गोऱ्या अधिकाऱ्यांवर तुटून पडले. रेल्वेच्या इतिहासात याची नोंद दंगल म्हणून आहे. मी त्याला घाटातलं पहिलं मोठं कामगार आंदोलन म्हणेन. त्याच वर्षी पहिल्या कंत्राटदारानं, फॅविएलनं, काम सोडलं. सॉलोमन ट्रेडवेल आला आणि भारतात उतरल्यावर काही दिवसांतच वारला, तेव्हा त्याची बायको अ‍ॅलिस हिनं कंत्राट पुढे नेलं. १८६३ साली घाट खुला झाला. फॅविएल, ट्रेडवेल, इंजिनिअर बर्कली यांची नावं सहज सापडतात. दगड फोडणाऱ्या एका बाईचं किंवा बाप्याचं नाव शोधून बघा. त्या काळी छायाचित्रण नुकतंच हातपाय पसरत होतं, म्हणून तेव्हाच्या लोकांना मी दोष देत नाही. आता मात्र याच परिसरात नवे बोगदे खोदले गेले आहेत. पनवेल-कर्जत लोकलचा साडेएकोणतीस किलोमीटरचा मार्ग, त्यावरचा वावर्ल्याचा अडीच किलोमीटरहून लांब बोगदा, एक्सप्रेस वेच्या मिसिंग लिंकचे बोगदे आणि दरीवरचा उंच केबलचा पूल. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. तरी या कामांचे छापून येणारे फोटो बघावेत. बोगद्याचं तोंड, यंत्र, हेल्मेट घातलेले पाहुणे, फीत. ज्या माणसानं आत बारा तास काढले तो फोटोत असलाच तर कडेला, अर्धा कापलेला.

फोटोत येणंही पुरेसं नाही. फोटोखालच्या ओळीत काय लिहिलं जातं, याला मी निम्मं मोल देतो. अमेरिकेत १९०८पासून लुईस हाइन नावाचा माणूस बालमजुरांचे फोटो काढत गिरण्या आणि खाणींतून हिंडला. आपल्या जाकिटाच्या बटणांवरून तो मुलांची उंची मोजायचा आणि नाव, वय, काम गुपचूप खिशातल्या कागदावर टिपायचा. मालक म्हणायचा मूल चौदा वर्षांचं आहे, आणि हाइनच्या नोंदी सांगायच्या की त्याची उंची कितव्या बटणापर्यंत येते. त्या नोंदींमुळे त्याचे फोटो पुरावा झाले. आता दुसरं उदाहरण घ्या. डोरोथिया लँगनं १९३६ साली कॅलिफोर्नियात वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. जगातल्या सर्वांत गाजलेल्या फोटोंपैकी तो एक. लँगनं तिचं नाव विचारलं नव्हतं. फोटो छापून आल्यावर तळावर सरकारी धान्य पोचलं, पण तोवर ती बाई पोरांना घेऊन पुढच्या कामावर निघून गेली होती. ती कोण हे जगाला कळायला १९७८ उजाडलं आणि तेव्हा तिनं सांगितलं की या फोटोतून मला काही मिळालं नाही. दोन्ही छायाचित्रकार मोठे आणि कळवळ्याचे. पण वीटभट्टीवर जाणाऱ्या तरुण छायाचित्रकाराला मी हाइनचं बोट धरायला सांगेन.

आपल्याकडे ही वाट चाललेली माणसं आहेत. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. ते गटारात उतरले, कचऱ्याच्या गाड्यांवर चढले आणि त्याच कामगारांच्या घरीही गेले. एका प्रसंगाचा एक फोटो काढून ते निघून गेले नाहीत. ते पुन्हा पुन्हा गेले, म्हणून त्या फोटोंत घाण आहे तशी घरातली भिंत आहे, बायको आहे, पोरांची दप्तरं आहेत. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत कष्ट करणाऱ्या बायकांचे फोटो काढले, आणि प्रत्येक फोटोसोबत ती बाई काय करते आहे हे सांगणारा मजकूर दिला. याउलट, ब्राझीलचे छायाचित्रकार सेबास्तियाव सालगादो यांचा १९९५चा चर्चगेट स्टेशनचा फोटो अनेकांनी पाहिला असेल. माणसांचा लोट धुरासारखा वाहतो आहे आणि गाड्या जागेवर उभ्या आहेत. फोटो अद्भुत आहे. पण त्यात कुणालाच चेहरा नाही. मला ओलव्यांचे फोटो अधिक जवळचे वाटतात.

खालापुरानं कॅमेऱ्यांची गर्दी एकदा पाहिली. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाच्या पोटातली ठाकर आदिवासींची वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवला गेला. भर पावसात निसरडी चढण चढून छायाचित्रकार वर गेले, त्यांनी जिवावर उदार होऊन काम केलं. वाडीला रस्ता नव्हता, ही बातमी साऱ्या महाराष्ट्राला त्यांच्या फोटोंनी सांगितली. पण रस्ता १८ जुलैलाही नव्हता. आजारी माणसाला डोलीत घालून उतरवावं लागणाऱ्या वाड्या कर्जत-खालापूर या दोन तालुक्यांत आजही आहेत.

आता पुन्हा भट्टीकडे वळतो. पावसाळ्यात घरातलं धान्य संपतं. शेतावरचं काम आवणीपुरतंच असतं. गौरी-गणपतीच्या आसपास मुकादम वाडीवर येतो आणि उचल देतो. दिवाळीनंतर ती फेडायला नवरा-बायको पोरांसकट भट्टीवर जातात. हजार विटांमागे दर ठरलेला असतो, आठवड्याला खर्ची मिळते, आणि हंगाम संपताना हिशोब होतो तो मालकाच्या वहीतून. वही मजुराला वाचता येत नाही. फिटली नाही तर उचल पुढच्या वर्षावर चढते. वेठबिगारीवर बंदी घालणारा कायदा १९७६चा आहे. किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवून घेणं म्हणजे सक्तीची मजुरी, असं सर्वोच्च न्यायालयानं एशियाड कामगारांच्या खटल्यात १९८२ साली सांगितलं. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९चा वेगळा कायदा आला, पण तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. खालापूरहून भिवंडीला गेलेला कातकरी त्याच्या हिशोबी स्थलांतरित नव्हताच.

भट्टीवर फोटो काढायला जाणाऱ्यानं चेहरा आणि नाव छापायचं की नाही, हे आधी त्या मजुराला विचारावं. नाव छापून आलं तर मुकादम पुढच्या वर्षी दारात उभं करणार नाही, ही भीती खरी आहे, आणि छायाचित्रकार निघून गेल्यावर ती एकट्या मजुरानं सोसायची असते. तो नको म्हणाला तर हात दाखवावेत, वही दाखवावी, विटांची रांग दाखवावी. पण तारीख, भट्टीचं गाव, वाडीचा तालुका, उचलीची रक्कम आणि हजार विटांचा दर एवढं खाली छापलंच पाहिजे. वेठबिगारीची तक्रार प्रांताकडे जाते, तेव्हा पहिला प्रश्न येतो तो पुराव्याचा. मालक म्हणतो ही माणसं माझ्याकडे नव्हतीच, किंवा कालच आली. भट्टी कुठल्या गावची आणि दिवस कुठला, हे नोंदवलेला नोव्हेंबरातला एक फोटो आणि त्याच कुटुंबाचा एप्रिलमधला दुसरा फोटो शेजारी ठेवले, तर त्या म्हणण्याला उत्तर मिळतं. मुक्ततेचा दाखला मिळाला की पुनर्वसनाचा हक्क लागू होतो. संपादकांनी यंदा दिवाळीनंतर एक छायाचित्रकार एक हंगामभर याच कामाला द्यावा. उचल वाडीवर येते त्या दिवसापासून वही बंद होते त्या दिवसापर्यंत.