रोषणाईचें वळण

दिवाळीचा आकाशकंदील उतरून ठेवला न ठेवला तोंच ख्रिस्ती घरांतून नाताळच्या ताऱ्याची तयारी सुरू होते. या दोन सणांच्या निमित्तानें आपल्या विद्यार्थ्यांच्या घरीं कागद, खळ, दोरा व दिव्यांच्या माळा यांचा पसारा मांडलेला असतो. निदान असावा, अशी आमची इच्छा आहे. ‘निदान असावा’ असें म्हणण्याचें कारण हें कीं, तयार वस्तु विकत आणून खिळ्यास टांगण्याचा प्रघात अलीकडे वाढत आहे. ज्या घरांतून मुलें अद्यापि स्वतः रोषणाई करतात, त्यांचेंही काम एका ठिकाणीं हटकून अडतें. तें ठिकाण म्हणजे वळण. सरळ काड्यांचा तारा कोणीही करतो. पण चंद्रकोर, घंटा, कमळ किंवा गोल कंदील करावयाचा म्हटला कीं हात थबकतो आणि वडील बाजाराची वाट धरतात. या वळणासाठीं कोणतें साहित्य घ्यावें, याविषयीं आमचें मत येथें मांडावयाचें आहे.

साहित्य घेण्यापूर्वीं त्याचा स्वभाव ओळखावा, हा आमचा पहिला आग्रह. ‘मोडेन पण वाकणार नाहीं’ हा बाणा माणसास शोभत असेल. कंदिलाच्या कामटीस शोभत नाहीं. वाकणाऱ्या पदार्थांतही दोन जाती आहेत. एक जात वाकते, पण सोडली कीं पुन्हा सरळ होऊं पाहते. बांबूची कामटी या जातीची. दुसरी जात वाकविली तशीच राहते. मऊ लोखंडी तार या जातीची. पहिलीस बांधून ठेवावें लागतें, पण तिचें वळण आपोआप सुबक येतें. दुसरीस बांधावें लागत नाहीं, पण ती हाताच्या प्रत्येक हिसक्याची खूण अंगावर वागविते. म्हणून मोठ्या वळणास कामटी व लहान वळणास तार, हा नियम आम्हांस योग्य वाटतो.

कामटीचें एक उदाहरण घेऊं. 30 सेंटिमीटर व्यासाचें कडें करावयाचें आहे. त्याचा परीघ 94 सेंटिमीटरांहून किंचित् अधिक भरतो. टोकें एकमेकांवर चढविण्यास सुमारें 6 सेंटिमीटर धरलीं म्हणजे एक मीटर कामटी पुरते. ती 3 मिलिमीटर जाड असेल, तर वळतांना तिची बाहेरची बाजू शेंकडा 1 इतकी ताणली जाते. तीच कामटी 10 सेंटिमीटर व्यासाच्या कड्यांत वळवूं गेल्यास हा ताण तिप्पट होतो आणि ती मोडण्याचें भय असतें. अशा वेळीं मुलें जोर वाढवितात. जोर वाढविणें हा उपाय नव्हे; कामटी तासणें हा उपाय होय. जाडी निम्मी केली कीं ताण निम्मा होतो, आणि वाकविण्यास लागणारा जोर तर एक-अष्टमांशावर येतो. वर्गांत ज्यांस घनाचें कोष्टक रुक्ष वाटतें, त्यांनीं तें एकदां बांबूवर करून पाहावें.

कामटीची हिरवी पाठ वळणाच्या बाहेरच्या अंगास ठेवावी; तेथील तंतु दाट असल्यामुळें ते ताण सोसतात आणि आंतला मऊ भाग दबून वाट देतो. गांठीपाशीं कामटी सहसा वळत नाहीं, म्हणून गांठ हलकेच तासून घ्यावी. कामटी पाण्यांत भिजवून मंद आंचेवर शेकली म्हणजे नरम होते. मग थंड होईपर्यंत ती आकारांत धरून ठेवावी. शेकण्याचें हें काम मात्र वडील माणसाच्या देखरेखीखालींच व्हावें. जेथें दोन टोकें एकमेकांवर येतात तेथें जाडी दुप्पट होऊन कडें चपटें दिसूं लागतें; यासाठीं टोकें अगोदरच निमुळतीं करावीं. बुरूड कारागीर हें सारें पुस्तकाशिवाय जाणतात. त्यांच्याजवळ बसून एक तास पाहण्यास विद्यार्थ्यांनीं लाजूं नये, आणि पालकांनींही त्यांत कमीपणा मानूं नये.

तारेचा उपयोग कोरीच्या टोकास, मोराच्या मानेस किंवा पाकळीच्या अग्रास करावा. ती नुसत्या हातानें न वाकवितां बाटली, डबा अथवा लाटणें यांवर गुंडाळून वळवावी. सोडल्यावर ती थोडीशी उलगडते, म्हणून हव्या त्या मापाहून जरा लहान गोल निवडावा. एक गोष्ट मात्र विसरूं नये: तार विजेची वाहक आहे, बांबू कोरडा असतां तसा नाहीं. सोललेली वायर तारेच्या सांगाड्यास लागली तर शोभेच्या ठिकाणीं संकट उभें राहील.

पीव्हीसीच्या नळीचा कैवार घेणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचें म्हणणें सर्वस्वीं खोटें नाहीं. ती पावसांत कुजत नाहीं व कित्येक वर्षें वापरतां येते. ती नरम करण्यास उकळतें पाणी लागतें, आंतून चेपूं नये म्हणून वाळू भरावी लागते. आणि कोणी ती जाळावर धरली तर हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायु निघतो. म्हणून शाळेच्या प्रवेशद्वारावरील कायमच्या कमानीस ती योग्य. मुलांच्या हातीं नको. थर्मोकोलाविषयीं तर वादच उरलेला नाहीं. तो वळत नाहींच, नुसता कापला जातो, आणि सणानंतर ओढ्यानाल्यांतून वाहत राहतो. महाराष्ट्रांत 2018 सालीं प्लास्टिकबरोबर थर्मोकोलाच्या वस्तूंवरही बंदी आली, आणि सजावटीच्या थर्मोकोलास 1 जुलै 2022 पासून सर्व देशांतच मनाई झाली. तरीही तो कोठें चोरून मिळाला, तर ‘स्वस्त पडला’ असें आपल्या मुलांदेखत म्हणूं नये, एवढीच पालकांस विनंति.

सांगाड्यावर कागद चढवितांना दुसरी अडचण येते. कागद एकाच दिशेनें वळतो. त्याचें नळकांडें होईल, शंकु होईल, पण गोलावर तो सुरकुत्यांवांचून बसणार नाहीं. हा हाताचा दोष नसून भूमितीचा नियम आहे. सपाट पृष्ठभाग न ताणतां गोलावर बसवितां येत नाहीं, हें जर्मन गणिती गाउस याच्या 1827 सालच्या सिद्धांतावरून निघतें. मग करावें काय? संत्र्याच्या फोडी आठवाव्या. 30 सेंटिमीटर व्यासाच्या गोलास 12 पाकळ्या कापल्या, तर प्रत्येक पाकळी सुमारें 47 सेंटिमीटर लांब व मध्यें जवळजवळ 8 सेंटिमीटर रुंद येते. चिकटविण्यास कडेला बोटभर कागद अधिक ठेवावा. पाकळ्या जितक्या अधिक, तितका गोल सुरेख व काम अधिक. निवड ज्याची त्यानें करावी.

आतां दिव्यांविषयीं. एलईडी दिव्यांची चिकटपट्टी ही शिंप्याच्या टेपेसारखी चपट्या बाजूनेंच वळते. तिला आडवी मुरड घातली तर आंतील जोड तुटतात. म्हणून ती कड्याच्या आंतल्या किंवा बाहेरच्या कडेवर बसवावी. समोरून ठिपक्यांची रेघ दिसावी अशी इच्छा असेल, तर सुट्या दिव्यांची माळ कामटीस दोऱ्यानें बांधावी. माळ कोणतेंही वळण घेते. पट्टी तिच्यावर आंखलेल्या खुणेवरच कापावी. मुलांनीं 12 व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालणारे दिवेच घ्यावे. घरच्या विजेचा दाब 230 व्होल्ट असतो. थेट तिच्यावर लागणारी स्वस्त माळ मुलांनीं कधींही कापूं अगर जोडूं नये. कागदाच्या कंदिलांत तापणारा जुना बल्ब तर मुळींच नसावा.

कोणी म्हणेल, परीक्षा तोंडावर असतां मुलांचा वेळ कामट्या तासण्यांत कां दवडावा? यास आमचें उत्तर एका जुन्या शाळेच्या दाखल्यानें देतों. जर्मनींतील नीस्की या गांवीं मोरावियन ख्रिस्ती मंडळीची मुलांची शाळा होती. तेथें 1830 नंतरच्या दशकांत भूमितीच्या पाठांतून कागदी ताऱ्याची प्रथा निघाली, आणि आज तोच तारा ‘मोरावियन तारा’ म्हणून अनेक देशांत नाताळांत उजळतो. त्याच्या प्रसिद्ध रूपांत 17 चौकोनी व 8 त्रिकोणी बुडाचे किरण असतात. तेथें भूमिति व रोषणाई हे दोन विषय नव्हते. त्या मुलांनीं सरळ रेघांत जें साधलें, तें आपल्या मुलांनीं वळणांत साधूं नये, असें आम्हांस कां वाटावें?

दुसरें असें कीं, जेथें तयार वस्तु बक्षिसास पात्र ठरते, तेथें ज्याच्या घरीं पैसा त्याचाच कंदील मोठा होतो. एका बांबूंतून कित्येक कामट्या निघतात. त्या चार मुलांनीं वांटून घेतल्या तर कोणासही भार होत नाहीं. शाळेच्या कंदील-स्पर्धेंत निदान एक वळण स्वतःच्या हातचें असलेंच पाहिजे, आणि साहित्याचा खर्च कागदावर लिहून जोडला पाहिजे, असा नियम व्हावा, ही आमची सूचना आहे. परीक्षकांनीं गुण देतांना झगमगाटाकडे न पाहतां आंतील सांगाडा पाहावा.

‘वळण’ या शब्दाचा दुसरा अर्थ पालकांस सांगावयास नको. कामटी एका दमांत वळत नाहीं. ती भिजवावी, तासावी, धीरानें धरावी लागते. मुलानें केलेलें पहिलें कडें थोडें वांकडें होईल. तें अडगळींत न टाकतां घराच्या दारावर टांगा, त्यांत दिवा लावा, आणि पुढील वर्षीं तोच मुलगा अधिक पातळ कामटी मागतो कीं नाहीं, तें पाहा.