लाल दिव्याकडे दुर्लक्ष नको

दाखल्याची एक फाइल उघडायला शाळेच्या सर्व्हरला पाच-पाच मिनिटे लागू लागली. आम्ही आपले नेटवर्कला दोष देत बसलो. शेवटी शिपाईमामा म्हणाले, "सर, त्या डब्यावर लाल दिवा लागलाय. पीं-पीं आवाज तर सुट्टीपासून चालूय." आवाज नको म्हणून आम्हीच खोलीचे दार लावून घेत होतो!

त्या सर्व्हरवर लिनक्स आहे आणि चार डिस्क हार्डवेअर रेड कार्डाला जोडलेल्या आहेत. रचना रेड-५ ची. म्हणजे एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघींवरून माहिती मिळते. दुसरीही गेली की सारेच गेले. आणि त्यात काय होते? जुन्या जनरल रजिस्टरांच्या स्कॅन प्रती. कुणाचा पासपोर्ट, कुणाची पेन्शन त्या जन्मतारखेवर अडते. ही लोकांची अमानत आहे.

"डिस्क काढून परत बसवू या," एक सहकारी म्हणाले. बरे झाले, थांबलो. कार्डामागच्या चारही डिस्क लिनक्सला एकच डिस्क म्हणून दिसतात. म्हणून आजारी कोण, हे कार्डाच्या स्वतःच्या प्रोग्रॅमलाच विचारावे लागते. आमच्या कार्डासाठी तो 'स्टोअरसीएलआय'. त्याने गट 'डिग्रेडेड' आणि एक डिस्क बंद असल्याचे दाखवले. शिवाय दुसऱ्या एका डिस्कवर वाचनाच्या चुका वाढत होत्या. आमच्या घाईत नेमकी चालू डिस्क निघाली असती तर?

नवी डिस्क बसवली की उरलेल्या डिस्क पूर्ण वाचून ती भरली जाते. त्याच वेळी दुबळी डिस्क दगा देऊ शकते. म्हणून आधी रात्रभर सगळे बाहेरच्या डिस्कवर उतरवले, काही फाइली उघडून पाहिल्या. मग खाचांवर क्रमांक चिकटवले आणि बंद पडलेलीच डिस्क बदलली. 'इनिशियलाइज' या पर्यायाला हात लावला नाही. त्याने आहे तेही पुसले जाते. भरणे पूर्ण झाल्यावर दुबळी डिस्कही बदलली.

वाचकहो, रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल चारही डिस्कवरून जाते. आता दर शनिवारी आम्ही वेगळी प्रत काढतो आणि खोलीचे दार उघडे ठेवतो.