बीकन हवाच, पण डबीत

विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर, भर समुद्रात आंग्रिया बँक हे प्रवाळांचे पठार आहे. त्याचा माथाही सुमारे २० मीटर पाण्याखाली. तिथे प्रवाहाने होडीपासून दूर नेलेल्या पाणबुड्याचे डोके लाटांत नारळाएवढेही दिसत नाही, आणि मोबाइलला रेंज नसते. अशा ठिकाणी उतरणाऱ्या प्रत्येकाकडे ४०६ मेगाहर्ट्झचा वैयक्तिक बीकन असलाच पाहिजे. त्याची हाक उपग्रह टिपतो, बेंगळुरूच्या इस्रो केंद्रातून ती बचाव यंत्रणेकडे जाते. मात्र हे यंत्र मुळात खलाशी आणि गिर्यारोहकांसाठी घडवलेले. २० मीटरवर पृष्ठभागाच्या तिप्पट दाब असतो. तिथे साधा बीकन पाणी पितो आणि गरजेच्या क्षणी मुका राहतो. म्हणून तो त्या खोलीसाठी तपासलेल्या जलरोधक डबीतच न्यावा, आणि वर आल्यावरच उघडावा. खाऱ्या पाण्यातून रेडिओलहरी जात नाहीत. अँटेना आकाशाकडे उभी हवी.

कुणी म्हणेल, २४ मे २०२२ रोजी तारकर्लीत स्कूबाहून परतणारी होडी उलटून दोघे गेले, ते किनाऱ्याजवळच. तिथे बीकन काय करणार? आक्षेप रास्त आहे. किनाऱ्यालगत लाइफ जॅकेट आणि प्रवाशांची मर्यादा यांचाच मान पहिला. पण खोल समुद्रात जॅकेट तरंगवते, ठिकाण सांगत नाही. खर्चाचे म्हणाल, तर बीकन आयोजकाने विकत घेऊन, नोंदणी करून, पर्यटकाला भाड्याने द्यावा, जशी हवेची टाकी देतात.